नवरदेवाच्या कोटाला जोड

जालन्याच्या बाजारात गिरधारीलालांकडं सुटिंग घ्यायला येणारा माणूस कापड बघत नसे, गिरधारीलालांचं तोंड बघत असे. म्हातारा थानाचं टोक मुठीत चुरगळी, सोडी, सुरकुती किती वेळ राहते ते न्याहाळी आणि मग कापड उंबऱ्याबाहेर उजेडात धरी. ट्यूबलाइटखाली सगळे रंग सख्खे भाऊ असतात, खरं नातं उन्हात कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ‘बराबर’ म्हटलं की गिऱ्हाईक निश्चिंत.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि सगळा घोटाळा झाला. उजव्याला जग निळसर, लखलखीत दिसू लागलं. डाव्याचा मोतीबिंदू अजून तसाच, त्याला सगळं हळद लागल्यासारखं दिसे. एकाच थानाचे दोन रंग! डॉक्टर म्हणाले, दुसरा डोळा झाला की जमेल. तोवर कुणाला सांगायचं नाही, असं म्हाताऱ्यानं ठरवून टाकलं. मुलगा रजत ‘बाबूजी, आता आराम करा’ म्हणायला टपलेलाच होता. त्याला कळलं की गादी गेली. आणि गादीवरून उठल्यावर आपण कोण, हे गिरधारीलालांना खरंच माहीत नव्हतं.

ऐन लग्नसराईत एका दुपारी बदनापूरचा मुकुंद धापा टाकत दुकानात शिरला. कचेरीतला कारकून, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी सकाळी परतूरला त्याच्या मुलीचं, स्वराचं लग्न होतं. नवरदेवाचा सूट मुलीकडच्यांनी करायचा, म्हणून कापड याच गादीवरून नेलेलं.

“काका, घात झाला!” त्यानं गडद निळा कोट पुढं टाकला. “मिथुन टेलरनं पँटीवर इस्त्री तशीच ठिवली आन् फोनवर बोलत बसला. गुडघा जळून गेला. जल्दी कापड द्या, तो मशीनवर बसून राह्यलाय.”

“तयार पँट नाही भेटली?”

“नवरदेव सव्वासहा फुटाचा, त्याच्या मापाची कुठंच भेटना. आन् त्याचा चुलता काकासाहेब! कापसाचा व्यापारी हाय, हात लावल्याबिगर कशाला बरं म्हनत न्हाई. साखरपुड्यात शालीची किनार उलटी करून बघितल्ती त्यानं. जोड चुकली तर भर मांडवात बोलंल. माझ्या लेकीला जलमभर ऐकावं लागंल, काका.”

कोटाचं थान संपलं होतं. त्याच गिरणीची, त्याच नंबरची दोन थानं तेवढी फळीवर होती. पण नंबर एक असला तरी रंगाचा घाणा दर वेळी वेगळा, म्हणून छटाही वेगळी, हे कापडवाल्यांना सांगावं लागत नाही. गिरधारीलाल कोट आणि दोन्ही थानं घेऊन उंबऱ्यावर गेले. उजवा डोळा म्हणाला, पहिलं. धूळ गेल्याचं निमित्त करून त्यांनी उजवा झाकला. डावा म्हणाला, दुसरं. दोन्ही उघडले तर एकही धड दिसेना. कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता.

“तुमी हात ठिवा,” मागून मुकुंद म्हणाला. “मी बघत बी न्हाई.”

एवढ्या विश्वासाला शिवीसुद्धा देता येत नाही.

ते गादीवर परतले आणि पहिलं थान उलगडलं. आतल्या खोलीतून बांगड्या वाजल्या. तिथं बसून सून चंचल बिलं करी आणि कापलेले पीस बांधी. रजत खरेदीला बाहेरगावी गेला होता. त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी हवं, नाहीतर बांगड्या. गिरधारीलालांना ऐकू आलं आणि त्यांनी ऐकलं नाही. खडूनं रेघ ओढली. बांगड्या पुन्हा वाजल्या, या वेळी चांगल्या आपटूनच.

“कापा ना, काका.”

त्यांनी कात्री उघडली. निम्मी शक्यता होती. बरोबर निघालं तर गादी शाबूत, कुणाला काही कळणार नाही. चुकलं तर? सुटाचं कापड घ्यायला स्वराही आली होती. कापड गालाला लावून ‘काका, हे किती गार लागतंय’ म्हणत हसली होती. म्हाताऱ्याला ते हसू आठवलं.

त्यांनी कात्री खाली ठेवली.

“बहू, बाहेर ये. तू बघ. मला रंग कळत नाहीत.”

चंचल पदर सावरत बाहेर आली, कोट उजेडात नेला आणि सवयीनं मुकुंदकडं बघून बोलणार, तोच गिरधारीलाल म्हणाले, “मला सांग.”

“दोन्ही जुळत नाहीत, बाबूजी,” ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी. “एक काळपट आहे, एक जांभळट. नवरदेव मांडवाबाहेर आले की उघडं पडणार.”

चंचलनं वरच्या फळीवरून राखी रंगाचं थान ओढलं, टोक मुठीत चुरगळून सोडलं, कोटाशेजारी धरून वजन आणि पोत चाचपला. हुबेहूब सासऱ्यासारखं.

“हे घ्या. तुम्हीच सांगता ना बाबूजी, थोडक्यात हुकलेली जोड चूक दिसते आणि लांबची जोड हौस दिसते.”

“दोन रंगाचा नवरदेव?” मुकुंद भडकला. “लोक म्हन्तील, सासऱ्याला कापड पुरलं न्हाई! आन् काका, दिसतच न्हाई तर मंग हा कोट कसा दिल्ता? त्यो बी अंदाजानं?”

गिरधारीलालांना हीच भीती होती. आजची चूक आजपुरती राहत नाही, मागचं सगळं खोटं पाडून जाते.

“कोट आणि पँट एकाच थानाचे होते, भाऊ,” चंचल म्हणाली. “दिवाळीपासून प्रत्येक पीस मी बघूनच बांधते.”

दिवाळीपासून! म्हाताऱ्याला आठवलं, बांधायला आत गेलेल्या पिसामागून कधीकधी आतून कात्रीचा आवाज येई. बहू टोकं सारखी करते आहे, असं समजून ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. त्यांचं ‘बराबर’ इतके महिने ती आत बसून, चुकलेला पीस बदलून, खरं करत होती, आणि एका शब्दानं बोलली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी कात्री मुठीकडून तिच्यापुढं धरली. “काप.”

मुकुंद कापड घेऊन रागातच गेला.

दुसऱ्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. फोन समोर ठेवून गिरधारीलाल गादीवर बसून राहिले. दुपार कलल्यावर तो वाजला. मागं बँड, लोकांचा कालवा आणि मुकुंदचा बसलेला आवाज.

“मुकुंदा, काय झालं? काकासाहेब काय म्हणाले?”

“सांगतो, काका. आधी वहिनीला द्या फोन.”

चाळीस वर्षांत या दुकानातल्या मालाबद्दल कुणी दुसऱ्याला विचारलं नव्हतं. लागलं म्हाताऱ्याला. मग त्यांनी आत हाक मारली, “बहू, तुझा फोन आहे,” आणि ती येईपर्यंत गादीवर थोडं सरकून बसले.

चंचल फोन कानाला लावून ऐकत राहिली आणि हसली.

“बाबूजी, काकासाहेबांनी पँट चिमटीत धरून बघितली म्हणे. स्वतःसाठी तसलीच जोड पाहिजे म्हणतात.” तिनं फोन त्यांच्यापुढं ठेवला. “आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं?”