अमेरिकेचा झेंडा की हॉलंडची सायकल?

मंडळी, आज शुक्रवार, यंत्रमाग (लूम) बंद. दुपारी शेजारच्या नामाकाकांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांच्या लेकीला, मनालीला, अमेरिका आणि हॉलंड, दोन्हीकडे नोकरी मिळाली आहे. उद्या कळवायचं आहे. नात्यातल्या एका लग्नासाठी आलेले तिचे दोन आतेभाऊ तिला समजावत होते.

"आमच्याकडे घराघरावर झेंडा असतो. देशाचा अभिमान बघायचा तर तिथे," अमेरिकेतला नितीन म्हणाला.

"आमचा झेंडा फक्त फुटबॉलला निघतो," हॉलंडचा महेश हसला. "पण पाचला ऑफिस सुटतं. सायकल काढायची आणि कालव्याच्या कडेने घरी."

"आपल्या धामणकर नाक्याच्या गर्दीत काढून दाखव सायकल," मनाली म्हणाली. मग समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. बहुतेक त्या कालव्याच्या कडेने फिरत असावी. मीही फिरत होतोच.

लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे काका नेहमी मोठ्याने बोलतात. आज मात्र हळूच म्हणाले, "यातल्या कंच्या देशातून वर्षाला घरी येता येतं रं?"

"सुट्ट्या आमच्याकडे जास्त, मामा," महेश म्हणाला. तो स्वतः चार वर्षांनी आला होता.

तिकडे राहणाऱ्या मित्रांनो, काकांना मी काय उत्तर देऊ?