दिगूची जॉइनिंगची तारीख

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसाबद्दल पेपरात लिहायचं तर त्याचं काहीतरी नाव झालेलं असावं लागतं, निदान लिहिणाऱ्याचं तरी. इथं दोन्ही नाही. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. लिहिलं ते फक्त परीक्षेत. आणि ज्याच्याबद्दल लिहितोय तो दिगंबर, आमच्या निरगुडसर गावचाच, माझ्याहून थोडा मोठा, एम.बी.ए. झालेला. काही आठवड्यांपूर्वी तो पुण्यात सरकारी दवाखान्यात काविळीनं गेला. त्याची बातमी कुठं आली नाही, यायचं काही कारणही नव्हतं. पण दर उन्हाळ्यात पेपरांच्या पुरवण्यांत मॅनेजमेंट कॉलेजांच्या जाहिराती येतात, त्यात टाय लावलेल्या मुलांचे फोटो असतात आणि खाली त्यांना मिळालेल्या पगाराचे आकडे. तशा एका जाहिरातीत दिगू होता. तो फोटो ज्यांनी पाहिला त्यांना पुढचं कुणीतरी सांगायला हवं, असं मला वाटत राहिलं... म्हणून हा आगाऊपणा.

दिगूचे वडील, अण्णा, आमच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात. सकाळी टाकीपाशी जायचं, एकेका आळीचा वॉल उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा आणि पुढच्या आळीत जायचं. गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही, कारण पाणी उशिरा आलं की बोलणी त्यांनाच खावी लागतात. दिगू मंचरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला तेव्हा त्यानं टाकीच्या पायरीवर बसून अण्णांना एम.बी.ए. समजावून सांगितलं होतं. मी तिथंच होतो.

"म्हंजी डाक्टर का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अण्णा. मॅनेजर."

"बँकंचा?"

"कशाचाबी."

"कशाचाबी कसा मॅनेजर आसंल? मला कुणी इचारलं, पोराला काय काम येतंय, तर काय सांगू?"

दिगू हसत सुटला. "दुसऱ्याकडनं काम करून घ्यायला येतंय म्हणून सांगा."

"ते तर सरपंचालाबी येतंय," अण्णा म्हणाले आणि वॉल फिरवायला उठले. पण त्यांनी अडवलं नाही. दिगू पुण्यातल्या एका छोट्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच सांगण्यावरून, मीही गेलो. भोसरीत आम्ही एका खोलीत राहायचो. तो आरशासमोर उभा राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करायचा. मराठीसुद्धा त्यानं बदलून घेतली होती. माझ्या तोंडून 'व्हतं' गेलं की तो न बोलता माझ्याकडं बघायचा आणि मी 'होतं' म्हणायचो. त्यात त्याला कमीपणा वाटायचा असं नाही. त्याला भीती वाटायची. समोर बसलेल्या शहरातल्या मुलांना जे घरातूनच येत होतं ते आपण शिकून आणलंय आणि कुठंतरी ते उघडं पडणार, अशी ती भीती होती. त्याची मला तेव्हाही कल्पना होती, कारण ती मलाही होती.

शेवटच्या वर्षी मुंबईची एक फायनान्स कंपनी मुलाखती घ्यायला कॉलेजात आली. दिवसभर मुलाखती चालल्या आणि संध्याकाळी बोर्डावर निवडलेल्यांची नावं लागली. त्यात पहिलं नाव प्रशांतचं होतं, तो त्यांच्या वर्गात सगळ्यात हुशार. शेवटून दुसरं दिगूचं. सुरुवातीचा पगार नऊ हजार. जॉइनिंगची तारीख नंतर कळवू, असं त्यांनी सांगितलं. आमच्या दोघांच्याही घरी फोन नव्हता, म्हणून दिगूनं फॉर्मवर गावातल्या किराणा दुकानाचा नंबर पी.पी. म्हणून लिहिला होता. दुकानदाराला त्यानं पेढे देऊन बजावलं, "मुंबईचा फोन आला की कुणालातरी आमच्याकडं पळवत पाठवा."

आता जे सांगतो ते आमच्या भागाबाहेरच्या माणसाला कदाचित विचित्र वाटेल. आमच्याकडं लग्नाची सुपारी फुटली की ते लग्न झालं असंच धरतात. मग कुणी मागं फिरत नाही, फिरला तर त्याच्या दारात पुन्हा पाव्हणे येत नाहीत. अण्णांनी कंपनीचंही तसंच धरलं. एवढी मोठी माणसं मुंबईहून आली, पोराला बघितलं, चार प्रश्न विचारले, पसंत केलं, चारचौघांत नाव लावलं, मग राहिलं काय? तारीख तर मागाहूनच काढतात. "सुपारी फुटली," असं त्यांनी दुसऱ्या दिवशी वॉल उघडता उघडता सांगायला सुरुवात केली. वरच्या आळीत त्यांनी नऊ हजारच सांगितले होते, हे मी शपथेवर सांगेन. पण खालच्या आळीत पाणी पोचेस्तोवर ते पंधरा झाले होते, आणि ते अण्णांनी वाढवलेले नव्हते.

त्याच महिन्यात गावची यात्रा होती. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे गाड्या पळतात त्या चढावर, माईक घेतलेला एक माणूस असतो. बारी, म्हणजे एकेक गाडी, सुटली की तो ओरडतो, आणि दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात बाहेरगावी नोकरीला असलेल्या गावकऱ्यांची नावं पुकारतो, हुद्द्यासकट. त्यांनी बक्षीस लावायचं, फेटा बांधून घ्यायचा, अशी रीत आहे. त्या दिवशी आम्ही दोघं घाटाच्या कडेला उसाचा रस पीत उभे होतो. धुरळ्यात काही दिसत नव्हतं. बारी संपली आणि माईकवरून आलं, "आपल्या गावचं भूषाण, दिगंबरसाहेब, एम.बी.ए., मुंबईच्या कंपनीत म्यानेजर, पगार पंधरा हजार रुप्पय! साहेब जिथं आस्तील तिथनं त्यांनी स्टेजकडं यावं... भिर्रर्रर्र!"

दिगूच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "अजून जॉइनिंग नाही," तो मला म्हणाला, अगदी हळू. बाजूचे लोक हसत त्याला पुढं ढकलत होते. "जावा की म्यानेजर, लाजताय काय? बायकू बघाया बोलावलंय का?" तो गेला. फेटा बांधून खाली उतरला तेव्हा अण्णा गर्दीत एका बाजूला उभे होते. ते पुढं आले नाहीत. नुसते बघत होते. त्यांच्या त्या बघण्यामुळंच, मला वाटतं, दिगू पुढं कधी खरं सांगू शकला नाही.

कारण तारीख आली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दिगू एस.टी.डी. बूथवरून मुंबईला फोन लावायचा, तिकडून एक बाई गोड आवाजात सांगायची की तुमचं जॉइनिंग सध्या होल्डवर आहे. 'तुमचं' म्हणायची ती. दिगूनं हा शब्द किती मनाला लावून घेतला ते मी जवळून पाहिलं. बाजार मंदीत आहे, असं पेपरात येत होतं, पण त्याला ते पटायचं नाही. कॉलेजच्या भिंतीवर मोठा बोर्ड लागला होता, शंभर टक्के प्लेसमेंट, आणि प्रशांतचा फोटो सगळ्यात वर. प्रशांत मुंबईत रुजू झाला, त्याला कंपनीची जागाही मिळाली, असं कुणी ना कुणी येऊन सांगायचं. मग आपलंच का अडलं? दिगू मुलाखत पुन्हा पुन्हा आठवत बसायचा. वडील काय करतात, या प्रश्नाला त्यानं 'पाणीपुरवठा विभागात' असं उत्तर दिलं होतं. "त्यांनी चौकशी केली असणार," तो म्हणायचा. कधी म्हणायचा, "मी 'मार्केट' म्हणालो ना, तो उच्चारच चुकला." मी म्हणायचो, असं कुठं असतं का. पण मला तरी काय माहीत होतं? मी कुठं कधी मुलाखत दिली होती?

गावी परत जाता येत नव्हतं. घाटावर ज्याला मॅनेजर म्हणून पुकारलं तो दुपारी पारावर बसलेला कसा दिसणार? म्हणून तो पुण्यातच राहिला आणि क्रेडिट कार्डं विकायला लागला. पगार नाही, कार्ड खपलं तर कमिशन. टाय मात्र सक्तीचा. उन्हात ऑफिसांच्या पायऱ्या चढायच्या आणि वॉचमननं हाकललं की पुढच्या इमारतीत जायचं. महिना भरला की हातात कधी खोलीचं भाडं यायचं, कधी तेही नाही. सणाला तो गावी जायचा तो इस्त्रीच्या कपड्यांत, आणि एकच दिवस. लोक आपापल्या पोरांना घेऊन दारात यायचे. "साहेब, ह्याला तेवढं कुटंतरी चिकटवा. शिपाई म्हणून चालंल." एक जण तर चिडलाच, "लई मोटा झाला राव तू, गावाचं यवढंबी काम हुईना तुज्याच्यानं?" दिगू सगळ्यांना 'बघतो' म्हणायचा.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. बाहेरचं खाणं, उन्हातलं हिंडणं... आधी त्यानं अंगावरच काढलं. दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी फार उशीर झाला असं सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून ते कळत होतं. मी गावी निरोप धाडला आणि अण्णा आले. ते खाटेशेजारी जमिनीवर बसून राहायचे, नर्स आली की उठून उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी मोसंबी सोलता सोलता म्हणाले, "तुज्या कंपनीतलं कुणी बघाया आलं न्हाई ते?"

दिगूनं डोळे मिटून घेतले.

"आरं, न्हाई, कामं आस्त्यात लोकांना," अण्णाच घाईनं म्हणाले. "मोटी कंपनी म्हंजी कामं आसणारच." मला वाटतं, त्यांना तेव्हा सगळं समजलं होतं. मी खात्रीनं सांगू शकत नाही. पुढं ते या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही.

ओतूरकडं काविळीचं औषध देणारा एक वैद्य आहे, ते आणायला अण्णांनी मला पाठवलं. डॉक्टर नको म्हणाले होते, पण अण्णांना नाही म्हणणं मला जमलं नाही. जाताना आळेफाट्याला गाडी बदलायला उतरलो. समोर ट्रकच्या स्पेअरपार्टचं एक दुकान होतं, आणि काउंटरवर बसून, ग्रीसचे डाग पडलेल्या बनियनवर, एका ड्रायव्हरशी घासाघीस करत होता तो प्रशांत. कॉलेजच्या भिंतीवरचा प्रशांत. मला आधी खरंच वाटेना. त्यानं मला ओळखलं आणि क्षणभर तोंड फिरवलं, मग स्वतःच म्हणाला, "ये, बस. मामाचं दुकान आहे."

"तुम्ही मुंबईला..."

"कसलं मुंबईला! पहिल्या दिवसापासनं इथंच आहे."

"पण बाकीचे?"

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "एकबी नाय. एकालाबी घेतलं नाय त्यांनी. मला मागच्याच महिन्यात कळलं. आमच्यातला एक जण चाकणला भेटला, मी त्याला म्हणालो मी सुट्टीवर आलोय, तो मला म्हणाला मीपण सुट्टीवर आलोय. मग दोघांनाबी हसू फुटलं. नंतर एकेकाला शोधून विचारलं, दिगंबर तेवढा भेटला नाय. सगळे असेच. ज्यानं त्यानं दुसऱ्याला सांगितलं, मी जॉइन झालो. आणि दिगंबर? तो तर झाला असेल ना? त्याचं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गावात फेटा बांधला म्हणे त्याला."

मी वैद्याकडं गेलो नाही. रस्ता ओलांडून पुण्याकडं जाणारी पहिली गाडी पकडली. वाटेत मंचर गेलं, अवसरी फाटा गेला, गावाकडं जायला उतरावंसं वाटलं नाही. मला एकच वाटत होतं, हे त्याला कळलं पाहिजे. त्याचा उच्चार चुकला नव्हता. अण्णांची कुणी चौकशी केली नव्हती. कुणी त्याला एकट्याला नाकारलं नव्हतं. हे ऐकून तो बरा होईल असंच काहीतरी मी धरून बसलो होतो.

वॉर्डात पोचलो तेव्हा अण्णा खाली चहा आणायला गेले होते. दिगू जागा होता, पण डोळे फार पिवळे. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं, प्रशांतचं दुकान, चाकणची भेट, एकूण एक. सांगताना मला धाप लागली होती. तो छताकडं बघत ऐकत होता.

"प्रशांतबी न्हाई?"

"नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही, दिगूदादा. तुझं एकट्याचं नव्हतंच ते."

त्यानं मान माझ्याकडं वळवली. त्याला हायसं वाटेल, निदान तो हसेल, अशी मी वाट बघत होतो... तो म्हणाला,

"मंग मी घरी का न्हाई गेलो रं?"