शालूबाईंचे हात

माझी बालमैत्रीण विजयमाला, म्हणजे आमची विजू, हिच्या नखांच्या पार्लरमध्ये जायचं म्हणजे बोलणी खायची तयारी ठेवूनच जावं लागतं. माझा हात दिव्याखाली धरून ती दहाही नखं बघते आणि विचारते, "क्षमा, परत सोलून काढलंस ना?" मी अठ्ठावन्न वर्षांची, बँकेत लोकांना दरडावून निवृत्त झालेली बाई; पण तिच्यापुढे माझी मान खाली जाते. जेल पॉलिश सोललं तर नखाचा पापुद्राही सोबत येतो, हे तिनं मला वीस वेळा सांगितलंय. दोनदा लावलं की महिनाभर नखं मोकळी ठेवायची, रोज झोपताना मुळाशी तेल चोळायचं. जी ऐकत नाही तिला ती सरळ परत पाठवते. अशानं धंदा कसा चालतो, देव जाणे. पण चालतो. सांगलीहून बायका रिक्षा करून माधवनगरला येतात.

एवढ्या बायकांचे हात तिनं हातात घेतले, पण स्वतःच्या आईनं आपला हात तिला कधी दिला नाही. शालूबाई आता ऐंशीच्या. मुलाकडून इकडे आल्या की पार्लरमधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात, गप्पा मारतात, हात मात्र पदराखाली. "आये, नुसतं तेल लावते गं," असं विजू वर्षानुवर्षं विनवत आलीये. "माज्या हाताला काय धाड भरलीया?" म्हणून त्या उडवून लावतात. विजूला दुसरं काही नको होतं. आणि ते का मिळत नाही, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं, कारण निम्मी चूक माझी होती.

माधवनगरात तेव्हा गिरणी चालू होती आणि तिच्या भोंग्यावर आम्ही शाळेला निघायचो. शालूबाई सांगलीला हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायच्या. संध्याकाळी त्या बोळातून गेल्या की मागे हळदीचा वास राहायचा. तो वास अजून कुठे आला की मला भरून येतं. आम्ही चौथीत असताना संक्रांतीला बाईंनी सगळ्यांच्या आयांना शाळेत बोलावलं. तिळगूळ घ्यायला शालूबाईंनी हात पुढे केला. नखं मुळापर्यंत पिवळीजर्द! मी मोठ्यांदा ओरडले, "अय्या विजू, तुझ्या आईला कावीळ झालीय!" सगळा वर्ग हसला. शालूबाईही हसल्या, हे मला आजही बोचतं.

त्या दिवशी घरी जाऊन विजू आईला म्हणाली, "परत चारचौघांत हात बाहेर काढू नकोस." नऊ वर्षांच्या पोरीचं बोलणं ते. शालूबाईंनी ते पाळलं. त्यानंतर तिळगूळ असो, पेढा असो, त्या सगळं पदरात घेत. घरात त्याच हातांनी विजूला जेवायला वाढत, पण विजू तिकडे बघायचं टाळायची. पुढे मोठी झाल्यावर तिनं नखांचाच धंदा का धरला, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात विजूच्या मुलीचं, साक्षीचं लग्न झालं. साक्षी पुण्याला नोकरी करते, सासर साताऱ्याचं. पोरीनं शहाणपणा असा केला, की हळदीच्या आदल्या दिवशी पुण्यातूनच फिकट गुलाबी जेल पॉलिश लावून आली. बाहेरची पोर असती तर समजू शकले असते. सांगलीच्या मुलीला हळद काय करते हे सांगायला हवं? त्यात हळद आजीनं आणलेली, घरी सुनेकडून कुटून घेतलेली, अस्सल. तासाभरात गुलाबी नखं मळकट पिवळी झाली. साक्षीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि ब्लेडनं रंग उचकटला. बाहेर आली तेव्हा चार नखांचे पापुद्रे निघाले होते आणि बोटांवरची हळद त्या उघड्या नखांत मुरली होती.

"मम्मी, यावरच दुसरं लाव. उद्या लग्न आहे माझं!"

"अजिबात नाही," विजू म्हणाली. "अशा नखांवर लावलं तर दुखणं होईल." तिनं साक्षीला पार्लरमध्ये आणून बसवलं. आजी आणि मीही मागोमाग गेलो. उरलेल्या सहा नखांवर रंग सोडवणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस ठेवून तिनं वरून चंदेरी कागद गुंडाळला. पंधरा मिनिटांनी रंग आपोआप सुटला, खरवडावा लागला नाही. दुखऱ्या नखांना तिनं ते औषध लावलंच नाही. ती फक्त आखूड कापली. "पाच-सहा महिन्यांत मुळापासून नवीन येतील," ती म्हणाली.

साक्षी हाताकडे बघत हुंदके देत होती. "उद्या मी हात शालूच्या पदराखालीच ठेवते."

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. शालूबाई उठल्या, पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि नातीचे हात धरले. "न्हाई बाय. एकदा झाकलं का मग काढवत न्हाई."

पार्लरच्या त्या पांढऱ्या दिव्याखाली आम्ही शालूबाईंचे हात पाहिले. कातडी सुरकुतलेली, बोटं वाकलेली. पण नखं स्वच्छ होती. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

विजू बघतच राहिली. "आये, तुजी नखं तर चांगली हायत."

"वखार सुटली तवाच ग्येली की पिवळी. तीस वरसं झाली."

"मग झाकत का हुतीस?"

शालूबाईंना तो प्रश्नच कळला नसावा. "तूच सांगितलं हुतंस न्हवं?"

विजूला रडू आवरेना. मलाही. तिनं टेबलावरची तेलाची बाटली उचलली, आईला खुर्चीत बसवलं आणि तिचा उजवा हात मागितला. शालूबाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी मी म्हणाले, "मावशी, तेव्हा वर्गात मी तसं ओरडायला नको होतं."

"लहान हुतीस," त्या म्हणाल्या, आणि डावा हात माझ्याकडे केला.