कापडी टेप

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लढाई असते. बोटाएवढे रंगवलेले शिपाई, पुठ्ठ्याच्या टेकड्या, एका बाजूला माझा नवरा आणि समोर त्याचा शाळेपासूनचा मित्र, विनायकभावजी. नियम कडक आहे. आधी चाल बोलायची, मग अंतर मोजायचं. अंदाज चुकला तर हल्ला फुकट.

आज त्यांची पोलादी टेप सापडेना, म्हणून मी शिवणाच्या डब्यातली कापडी टेप दिली.

"माझे घोडेस्वार तुझ्या सेनापतीवर. सहा इंचांत पोचतात," नवरा म्हणाला.

दोघं वाकले. टेपवर सहाचा आकडा सेनापतीच्या पायाला जेमतेम टेकला.

आणि मला आठवलं, ही टेप ताणली गेलीय. हिनेच माप घेऊन मी बारीक झाल्याच्या आनंदात होते. त्या मापाचा ब्लाउज अंगात शिरेना, तेव्हा मी शिंप्याला वाट्टेल ते बोलून आले होते. आपण शिंप्यावर संशय घेतो, स्वतःच्या अंगावर घेतो. टेपवर घ्यायचं सुचतच नाही. म्हणजे खरं अंतर सहाहून जास्त होतं. सांगावं का? नवऱ्याचा चेहरा इतका उजळला होता की मी शिवणाचा डबा आवरत बसले.

"नीट बघ हं, वाद नको," तो म्हणाला.

विनायकभावजींनी स्वतःच सेनापती उचलून आडवा ठेवला. "वहिनींची टेप आहे. वाद कसला?"

मी टेप गुंडाळायला घेतली. ती संपेचना.