मोहनरावांचा ऑक्सिजन

कन्हेरीच्या गेणू मिस्त्रीला कुणी मेकॅनिक म्हटलेलं खपत नसे. "मेकॅनिक नटबोल्ट फिरवतो. आपुन नाडी बघतो," असं तो ऐटीत सांगायचा. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. कळपातलं कुठलं मेंढरू आजारी आहे, हे म्हातारा नुसत्या खोकण्यावरून ओळखायचा. गेणूनं मेंढरं सोडून पान्हे धरले, पण रीत बापाचीच ठेवली. गाडी आली की आधी मागं जाऊन उकिडवा बसायचा, धुराचा वास घ्यायचा आणि डोळे मिटून निदान सांगायचा. बरोबर निघालं तर गावभर सांगायचा, चुकलं तर पेट्रोलात भेसळ आहे म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वरकुट्याच्या मोहनरावांची पांढरी जपानी मोटार त्याच्या दारात आली. मुंबईच्या कुणा शेठनं वापरून वापरून विकलेली. मोहनरावांची लेक स्वप्नाली मोरगावात द्यायची ठरलेली, लग्न तोंडावर आलेलं, आणि पाठवणी याच मोटारीतून करायची असं ते चार लोकांत बोलून बसले होते. पण मोटार घटाघटा पेट्रोल प्यायची आणि मागून वीटभट्टीसारखा धूर सोडायची.

गेणूनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकी धुतली. धूर होता तसाच. शेवटी मोहनरावांनी निरोप धाडला, "जमत नसंल तर सांग, पुण्याला लावतो." गेणूच्या ते जिव्हारी लागलं. गाडी पुण्याला गेली असती तर त्याच्या नाडीपरीक्षेला उद्या कुणी बैलगाडीसुद्धा दाखवली नसती.

तो पुन्हा धुरामागं बसला. वास कच्च्या पेट्रोलचा होता. म्हणजे पोट भरलं असतानाही इंजिनाला कुणीतरी वाढतच होतं. कोण? सायलेन्सरच्या नळीला, इंजिनाजवळ, प्लगसारखं काहीतरी बसवलेलं होतं आणि त्याला वायर होती. ते त्यानं पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. सायलेन्सरला प्लग कशाला? जपानी झाला तरी माणूसच, चुकायचाच, असं म्हणून त्यानं जपानला माफही करून टाकलं होतं. आता त्यानं ती वायर उपसली. थोड्या वेळानं धूर विरळ झाला. जोडली, पुन्हा काळा. उपसली, पुन्हा विरळ. काखेत कळसा अन् गावाला वळसा! ते धुराचा वास घेणारं नाक होतं, म्हणजे गेणूचाच जातभाई. फक्त ते बिघडलं होतं. इंजिन तुडुंब जेवलेलं असताना ते 'उपाशी आहे, उपाशी आहे' म्हणून खोटं सांगत होतं.

नाक नवं मागवायला तो गावातल्या गोजरबाईच्या दुकानात फोन करायला गेला. पुण्याच्या दुकानदारानं त्या भागाचं नाव सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर. लाईन खरखरत होती, म्हणून गेणू बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि तांदूळ निवडता निवडता गोजरबाई ऐकत होती.

"वरकुट्याच्या मोहनरावांचा! व्हय, ऑक्सिजनच गेलाय. लई दिवस काळं ओकत हुतं. नळी? नळीवरली वायर मी आत्ताच काढली, तवा जरा शांत झालं. बॉडीला काय झालं न्हाय, बॉडी चांगली हाय. सांजच्याला वरकुट्याला पोच करतो."

आता ऑक्सिजन आणि बॉडी हे शब्द गोजरबाईनं आयुष्यात फक्त दवाखान्यात ऐकलेले. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला. ती काही चहाडखोर बाई नव्हती. तिनं फक्त बारामतीच्या एसटीच्या कंडक्टरला सांगितलं.

संध्याकाळी गेणू वायर न जोडताच मोटार घेऊन वरकुट्यात शिरला. मोहनरावांच्या दारात ही गर्दी. पांढरी मोटार वळताना दिसली मात्र, बायकांनी हंबरडा फोडला. चारजण पुढं झाले आणि मागच्या सीटवर वाकून बघू लागले.

"बॉडी कुठं हाय?" एकानं विचारलं.

"कुणाची?"

"आबांची. मोहनराव गेलं न्हवं का."

गेणू मोटारीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आपल्या ओरडण्यानंच मोहनरावांना मारलं आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात सकाळीच घराबाहेर पडलेले मोहनराव इंदापूरहून लग्नपत्रिका छापून घेऊन एसटीतून उतरले. दारातली गर्दी बघून त्यांची पाचावर धारण बसली. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सगळे सावरले, पण नवऱ्या मुलाचे चुलते बापूसाहेब मोरगावहून धावत आले होते, ते काही सावरेनात. त्यांनी मोहनरावांना मोटारीच्या आडोशाला घेतलं. "आग असल्याबिगर धूर येत न्हाय. ऑक्सिजन लागला हुता, काळं ओकत हुता म्हणं. घराण्यात काय रोग असंल तर आत्ताच सांगा. आमाला पोरगी घरात न्यायचीया." दारामागं स्वप्नाली उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला.

ऑक्सिजन ऐकताच गेणूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गप्प बसला असता तर त्याची अब्रू वाचली असती आणि पोरीचं लग्न मोडलं असतं. तो डोळे पुसत उठला.

"रोग मोटारीला हाय, बापूसाहेब. आन् तो मला इतकं दिस कळला न्हवता," भरल्या गर्दीत त्यानं सांगितलं. हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले होते. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हितं मागं हुबं ऱ्हावा."

त्यानं वायर जोडली आणि मोटार चालू ठेवली. बापूसाहेब निरखून बघायला वाकले आणि थोड्याच वेळात काळ्या धुराचा लोट त्यांच्या कडक इस्त्रीच्या धोतरावर बसला. वायर काढल्यावर धूर ओसरला. बापूसाहेबांनी एकदा धोतराकडं पाहिलं, एकदा मोहनरावांकडं, आणि पोट धरून हसत सुटले.

"पत्रिका आणा," ते म्हणाले. "पर पाठवणीला गाडी आमची."

चहा झाला, माणसं पांगली. मोहनराव गेणूपाशी येऊन बसले.

"तू रडलास म्हणं रं, गेणू. माझ्यापायी का मोटारीपायी?"

"तुमच्यापायी, आबा," गेणू म्हणाला. "मोटारीचा रोग तर मला घावला हुता."