ओळीआधीचा श्वास

कॉलेजच्या हॉलमध्ये आमचं गाणं वाजलं, त्या दिवशी त्यात माझा आवाज नव्हता. आई माझ्या शेजारी बसली होती. गाणं लेव्हलदादाने केलं होतं.

लेव्हलदादा माणसाची तब्येत त्याच्या आवाजावरून सांगायचा. अंबरनाथला आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून तो राहायचा. जयंतीच्या कार्यक्रमात साउंडच्या मिक्सरवर तोच बसे, आणि गायक माइकपाशी आला की कोपऱ्यातून त्याची हाक येई, "लेव्हल दे, लेव्हल!" त्यावरून नाव पडलं. एकदा नळावर माझ्या बाबांना म्हणाला, "काका, तुमच्या आवाजातला ट्रेबल वाढलाय. बीपी बघून घ्या." बाबा उखडले, "तू आधी नोकरी बघ!" पण संध्याकाळी ते कुणाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आले, आणि आमच्या आमटीतलं मीठ कमी झालं.

मला तो 'लायब्ररी' म्हणायचा, कारण माझ्या हातात कायम पुस्तक असे. "ए लायब्ररी, गाताना तरी तोंड उघड. पुस्तकातलं गाणं ऐकू येत नाही." माझं गाणं म्हणजे विहारात वंदनेच्या वेळी पुढे बसून म्हणायचं, तेवढंच. त्याने तेवढंच ऐकलं होतं आणि त्याला ते पुरलं होतं. माझ्यापाशी आवाज आहे, हे मला त्याच्याकडून कळलं.

त्या वर्षांत उल्हासनगरच्या एका सीडीवाल्या सिंधी साईंकडून आम्ही काही मुलं-मुली जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका आणायचो. त्यातल्या एकीवर माझा फार जीव होता. हरवलेल्या भावाला शोधायला डोंगरात निघालेल्या मुलीची ती गोष्ट. साईंच्या सीडीत तिचं सुरुवातीचं गाणंच नव्हतं, कोणीतरी कापलं होतं. तक्रार केली तर साईं म्हणाला, "अरे, गाना कौन सुनता है? सब फॉरवर्ड मारते हैं!" दादाला हे सांगितलं तेव्हा तो आमच्यापेक्षा जास्त दुखावला. मग ठरलं, ओपनिंग आपणच करायचं. चित्रं मालिकेतलीच जोडायची, गाणं मात्र नवं, मराठी. शब्द मी लिहिले. चाल त्याने लावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "गाणार लायब्ररी. चाल तिच्या गळ्यावर बेतलीय."

रेकॉर्डिंग त्याच्या खोलीत. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद. त्याची आई, आम्हा सगळ्यांच्याच मावशी, दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि येईल त्याला परतवायच्या, "आत गाणं चाललंय, नंतर ये बाबा." अडचण एकच होती, कारखान्याचा भोंगा. त्याच्या वेळा सांभाळून आम्ही मधल्या काळात गायचो. तरी ज्या दुपारी गाणं खरंच जमलं, त्या दुपारी माझी घाई झाली. भोंगा पुरता संपला नव्हता. त्याच्या विरत जाणाऱ्या सुरातच मी श्वास घेतला आणि पहिली ओळ उचलली. शेवटपर्यंत गायले आणि मग म्हटलं, "परत घेऊ या. सुरुवातीला भोंगा आलाय."

दादाने हेडफोन काढला नाही. "राहू दे. भोंगा सुरात आहे. आणि तुझा श्वास त्याच्यात अडकलाय. श्वास कधी कापायचा नसतो. श्वास कापला की माणूस खोटा वाटतो."

त्याच्या आणखी दोन पद्धती होत्या. मिक्सिंग पुरं होईपर्यंत तो कुणाला काही ऐकवत नसे, म्हणे, "कच्चं खाल्लं की पोट दुखतं." आणि मिक्सिंग झालं की प्रत्येकाचा वेगळा घेतलेला आवाज कॉम्प्युटरवरून पुसून टाकायचा. कॉम्प्युटरवर जागा कमी पडायची हे खरं कारण, पण तो सांगायचा वेगळंच. "भाजी शिजल्यावर त्यातलं मीठ वेगळं ठेवतं का कोणी?"

म्हणून ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते उल्हासनगरच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्येच. आमच्यासारख्याच ॲनिमेवेड्यांचा मेळावा होता. मी आईला मुद्दाम नेलं होतं, तिने ठेवणीतली साडी नेसली होती. पडद्यावर ती मुलगी डोंगर चढू लागली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्या गोंधळातून एक तयारीचा, गोड आवाज वर आला. शब्द माझे होते. जागा मी घेतल्या तशाच घेतल्या होत्या. आईने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तेव्हा तुला सर्दी झाली होती का गं?"

मी हो म्हटलं.

गाणारी मुलगी बदलापूरची होती, गाण्याच्या क्लासला जाणारी. ती आपणहून भेटायला आली. "ताई, तुमचाच आवाज ऐकून ऐकून बसवलं मी. दादा घरी माइक घेऊन आले होते. म्हणाले, तुम्हाला सगळं माहितीय." तिचा चेहरा इतका आनंदी होता की मी तिला "छान गायलीस" म्हटलं. खोटं नव्हतं ते.

दादा बाहेर पायऱ्यांवर वायर गुंडाळत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून तर सांगायचं असतं, दादा."

"गाणं चांगलं झालंय की नाही, ते बोल."

"झालंय."

"मग?"

मी माझं रेकॉर्डिंग मागितलं. "पुसलं," तो म्हणाला. "माझी पद्धत तुला माहितीय." माझ्या आवाजात काय बदललंय, हे तेवढ्या एका दिवशी त्याने सांगितलं नाही.

विहारात मी मागच्या रांगेत बसू लागले आणि नुसते ओठ हलवू लागले. काही दिवसांनी तो बदलापूरला राहायला गेला. एकदा स्टेशनबाहेर भेटला. "कशी आहेस, लायब्ररी?" "बरी." "आवाजातला बेस गेला की गं तुझ्या." मी बस आली म्हणून निघाले. बस माझी नव्हती.

मग तो काविळीने गेला. त्याच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेला मी गेले. वंदना झाली, लोक पांगले, आणि त्याच्या भावाने त्याच्याच स्पीकरवर आमचं गाणं लावलं. "दादाचं सगळ्यात आवडतं," तो म्हणाला. हॉलमधल्या शिट्ट्यांनंतर मी ते पुन्हा ऐकलं नव्हतं. खोली शांत होती. आधी अगदी बारीक, विरत जाणारा भोंगा आला. मग एक श्वास. मग बदलापूरच्या मुलीचा आवाज.

बदलापूरला तिच्या घरी आमच्या कारखान्याचा भोंगा ऐकू जात नाही.

मावशींनी विचारलं, "तूच गायलीस ना गं हे?" मी गायले तेव्हा त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांना तसंच आठवणार. मी त्यांचा हात धरून बसले. तो श्वास त्याने माझ्यासाठी ठेवला, की गाण्याला हवा होता म्हणून, हे विचारायला तो नव्हता. असता तरी "मग?" म्हणाला असता.

माझ्या त्या वयातल्या आवाजाचं आता कुठे काही नाही. भोंग्यात अडकलेला एक श्वास आहे, तो माझा आहे. त्याच्या पुढचं गाणं दुसरीचं आहे.