हुतूतू म्हणाली म्हणून बाद

नर्मदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. पलीकडे तिची जाऊ रडत होती आणि मला आधी वाटलं, ही नर्मदाचीच काहीतरी थट्टा असणार. आमच्या कबड्डी संघाच्या या कप्तानबाईंनी जन्मात एक गोष्ट सरळ सांगितली नव्हती… आता महिना होत आला. रडून झालंय, तेव्हा थोडं भांडायला हरकत नाही.

नर्मदा काल्हेरची, खाडीकाठची. तिचे वडील जुन्या पद्धतीचा हुतूतू खेळायचे, म्हणून तिच्या तोंडी तोच शब्द बसला. आम्ही बाकीच्या शाळेत ‘कबड्डी’ म्हणायला शिकलो. लग्नानंतर ती भिवंडीत लूमवर कांड्या भरायला जाऊ लागली, कापसाची कुसं छातीत बसली, आणि जिचा दम तालुक्यात कुणाला मोडता येत नव्हता तिला दमा जडला. “दम आन् दमा, एका कान्याचा त फरक,” म्हणत ती पंप ओढायची आणि आम्हाला हसवायची. चढाईला जाणं मात्र बंद झालं. रेषेबाहेर उभी राहून ती आम्हाला शिव्या घालायची, आणि खेळता येत नाही हे तिला किती लागत होतं ते त्या शिव्यांवरून कळायचं.

त्सुनामीच्या पुढच्या वर्षी ठाण्यातल्या एका संस्थेने आमचा संघ श्रीलंकेला नेला. सकाळी किनाऱ्यावरच्या एका गावातली पडलेली शाळा उभारायला हात लावायचा, दुपारनंतर तिथल्या बायकांशी मैत्रीचे सामने. घरोघरी गहजब झाला. रावणाच्या गावात तुमचं काय काम, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं, तर नर्मदाने त्यांना सोन्याची वीट कबूल करून टाकली! लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात. आमच्या वाट्याला सिमेंटच्या आल्या. त्या डोक्यावरून वाहताना नर्मदा दर खेपेला विचारायची, ही सासूबाईंना चालेल का गं?

संध्याकाळी समुद्र. खाडीच्या चिखलात वाढलेल्या आम्ही, एवढं निळं पाणी बघून येड्याच झालो. आमच्या प्रशिक्षक सरांनी वाळूत रेघ मारली, हिच्यापुढे कुणी जायचं नाही म्हणून बजावलं, आणि पहिल्याच लाटेने रेघ पुसून सरांनाही खाली बसवलं. तशा अवस्थेतही ते शिट्टी वाजवत होते. नियम म्हणजे सरांचा जीव. नर्मदा मात्र सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पार आत, आणि नवल म्हणजे तिला धाप लागत नव्हती. त्या हवेने तिची छाती मोकळी केली होती.

शेवटचा सामना ओल्या वाळूवर झाला. समोरच्या संघाची म्होरकी कुसुमा, काथ्याच्या दोऱ्या वळणारी, हाताची पकड सांडशीसारखी. त्या बायका चढाईला ‘गुडुगुडु’ म्हणत येत आणि आम्ही हसण्याच्या नादात बाद होत होतो. हरायला आलो, तेव्हा नर्मदाने पंप माझ्या हातात कोंबला. “धर. आज मना दम हाय.”

ती चढाईला गेली. हुतूतूतूतू… आवाज एकसारखा, कुठे तुटणं नाही. दोघींना शिवली, तिसरी कुसुमा, तिने घोटा धरला. नर्मदा पालथी पडली, कुसुमाला ओढत सरकली आणि दम न सोडता तिची बोटं मध्यरेषेला लागली. आम्ही नाचायला लागलो आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या सरांची शिट्टी वाजली. बाद! का, तर नियमात ‘कबड्डी’ म्हणायचं असतं. आमचेच सर, आमचीच कप्तान! कुसुमा तोंडातली वाळू थुंकून उठली आणि आमच्या बाजूने सरांशी तिच्या भाषेत भांडली. सर मराठीत उत्तरं देत होते. आम्ही हरलो.

नर्मदा वाळूत पडून हसत होती. जवळ गेले तर डोळे भरलेले.

परत आल्यावर लूम सुरू झाले आणि छाती पुन्हा मिटली. ती तिची शेवटची चढाई ठरली. पुढे सर कुठेही भेटोत, लग्नात, बाजारात, हिचं एकच, “सर, मी बाद न्हवते.” सरांचंही एकच, नियम तो नियम. शेवटी इस्पितळात तोंडात नळी असताना तिने सरांना तीन बोटं दाखवली, त्या चढाईचे तीन गुण. सर म्हणाले, “आधी बरी हो, मग बघू.” मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

तेराव्यानंतरच्या रविवारी संघातल्या नव्या मुलींनी तिच्या आठवणीसाठी सामना ठेवला. पंच अर्थात सर. पहिली चढाई करणाऱ्या मुलीने मध्यरेषेवर येताच सुरू केलं, हुतूतूतू… आम्ही सगळ्या सरांकडे बघायला लागलो. शिट्टी ओठांत होती, गाल फुगलेले. मग त्यांनी ती काढली आणि खिशात टाकली. मुलगी एका गड्याला शिवून धापा टाकत परत आली.

सरांनी तीन बोटं वर केली.